पहिल्या रांगेत चुकलेलं कीर्तन

हरिभाऊ चौगुल्यांनी जन्मात एकच कीर्तन चुकवलं, आणि तेही पहिल्या रांगेत बसून.

एरवी कीर्तन म्हटलं की माणूस जेवणाच्या ताटावरून उठणारा. बेळगावात कुठल्या देवळात कोण बुवा उभे राहणार आहेत, हे त्या देवळाच्या पुजाऱ्याआधी हरिभाऊंना ठाऊक. "ह्यास्नी पखवाजाला लावलेल्या कणकेचा वास येतोय, आणि घरात दूध उतू गेलेलं कळत न्हाय," असं त्यांच्या मंडळी जयाबाई येईल-जाईल त्याला सांगत. हरिभाऊ ते हसून सोडून देत. दुधाचं काय, उद्या पुन्हा येतं. गेलेला अभंग कुठला येतो परत?

हे त्यांचंच वाक्य. पुढं त्यांनाच ते फार बोचलं, म्हणून इथं नोंदवून ठेवलं.

नोकरी बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, लॅब इन्स्ट्रक्टरची. लॅबमधल्या संगणकांवर एक मोठं गणिती सॉफ्टवेअर होतं. पोरं त्यात समीकरणं सोडवत, आलेख काढत. आणि संगणकाला वायरीनं कॅमेरा जोडून चार ओळी लिहिल्या, की समोरचं चित्र थेट त्या गणितात येऊन बसे. मग त्या चित्रातले आकडे मोजा, कडा शोधा, काय हवं ते करा. हरिभाऊंनी वीस वर्षं पोरांचे कॅमेरे जोडून दिले होते. ओळी मात्र मॅडम लोक लिहीत. ही एक खंत त्यांच्या मनात बारीक काट्यासारखी होतीच.

आता महाराजांचं सांगायला हवं. बोरगावच्या पलीकडं हरिभाऊंचं गाव. गावच्या विठ्ठल मंदिरात दरवर्षी सप्ताह बसतो आणि शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन भावकू महाराज करतात. दिवसभर तंबाखूच्या रानात राबणारा माणूस, पण डोक्याला फेटा बांधून नारदाच्या गादीवर उभा राहिला की गावातले मुरलेले भांडकुदळसुद्धा मांडी आवरून बसत. एका उपरण्यात अख्खं गोकुळ! तेच उपरणं डोक्यावर घेतलं की यशोदेचा पदर, कमरेला आवळलं की गवळ्याचं पोर, पीळ दिला की गाईचं दावं. आणि त्याच उपरण्याची गुंडाळी काखेत मारून एक पाय ओढत निघाले, की काल्यातला लंगडा गोपाळ. सगळ्यांच्या मागं राहिलेला, 'देवा, मला सोडून जेवू नकोस' म्हणणारा. तो गोपाळ चालायला लागला की बायका आधी हसत आणि मग पदर डोळ्यांना लावत. हे दरवर्षीचं.

ह्या वर्षी महाराजांनी निरोप धाडला. ऐंशी उलटली, दम पुरेना. यंदाचा काला शेवटचा. मग लेकीकडं हुबळीला जायचं.

निरोप ऐकून हरिभाऊंना गलबलून आलं. इथपर्यंत ठीक होतं. पण गलबलल्यावर माणसानं गप बसावं, ते सोडून त्यांना कल्पना सुचली.

देवळाला नवा सभामंडप झाला होता. भिंती कोऱ्या. महाराजांची प्रत्येक मुद्रा, उपरण्याचा प्रत्येक झोका टिपायचा. दर क्षणाला एक चित्र. त्यातली निवडून, मोठी करून, चौकटी घालून मंडपात चहूबाजूंनी लावायची. येणारी पिढी भिंतीवर बोट ठेवून म्हणेल, हे आमचे महाराज. आणि खाली बारीक अक्षरात... पण ते बारीक अक्षरात काय लिहायचं ते हरिभाऊंनी कुणाला सांगितलं नाही.

सप्ताह कमिटीचे अध्यक्ष भरमू आप्पांना फोन केला तर ते म्हणाले, "निपाणीचा सौरव हाय की व्हिडिओवाला. ड्रोन बी आणतोय."

"आप्पा, महाराजांसमोर व्हिडिओचं नाव काढू नगा!"

त्याला कारण होतं. मागं एका वर्षी असाच एक व्हिडिओवाला टाळकऱ्यांना ओलांडून पुढं गेला होता आणि ऐन गोपाळाच्या रडण्यात म्हणाला होता, "महाराज, लायटीचा घोटाळा झाला, जरा परत रडा." तेव्हापासून महाराजांना कॅमेरा म्हणजे इंगळी, विंचवासारखा लांबच बरा.

म्हणून हरिभाऊ स्वतः महाराजांना भेटायला गेले. पाया पडून सगळं समजावलं. माणूस मध्ये येणार नाही, उजेड पडणार नाही, आवाज होणार नाही. बाजूला एक मुका डोळा ठेवायचा, वायर संगणकाला; बाकी सगळं गणित करतं.

महाराजांनी तंबाखूची चिमूट खाली टाकली. "गणित करू द्या की. पर तुमी ऐकनार न्हवं?"

"म्हंजे काय महाराज! पहिल्या रांगेत हाय मी."

"मग लावा," महाराज म्हणाले.

बेळगावात शेजारी राघवेंद्र वकील राहतात. सल्ला द्यायचे पैसे ते फक्त कोर्टात घेतात; कट्ट्यावर फुकट देतात, आणि न मागता देतात. म्हणाले, "हरिभाऊ, एवढा कुटाणा कशाला? मोबाईल लावा स्टँडला. फोटोही, आवाजही. विषय संपला."

हरिभाऊंचा चेहरा पडला. मोबाईल! वीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला मोबाईल सुचवायचा?

"वकीलसाहेब," ते सावकाश म्हणाले, "मोबाईलनं फोटो काढतात. आपण इमेज ॲक्विझिशन करणार आहोत."

"त्यात फरक काय?"

फरक काय ते हरिभाऊंनाही नेमकं सांगता आलं नसतं. पण फरक आहे हे त्यांना आतून माहीत होतं, जसं निर्गुण आणि सगुण यांत फरक आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं.

कॉलेजातून कॅमेरा, लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचं लायसन बाहेर न्यायचं म्हणजे एक वेगळाच सप्ताह. स्टोअरवाला म्हणाला, एचओडींची सही आणा. एचओडी म्हणाले, प्रिन्सिपॉलांची आणा. प्रिन्सिपॉलांचा शिपाई म्हणाला, साहेब बेंगळुरूला गेलेत, गेट पास आधी करून ठेवा. गेट पासवाला म्हणाला, सही कुठाय? सॉफ्टवेअरचं लायसन कॉलेजच्या जाळ्याला बांधलेलं. ते बाहेर चालवायला उसनं घ्यावं लागतं आणि त्यासाठी इंग्रजीत कारण लिहावं लागतं. हरिभाऊंनी लिहिलं त्याचा मराठी अर्थ होतो, 'धार्मिक व्यक्तीचे प्रतिमा-संपादन.' एचओडी साहेब धारवाडकडचे. कागद दोनदा वाचून चष्म्यावरून म्हणाले, "कीर्तनक्क गणित याक री, चौगुले?" कीर्तनाला गणित कशाला हो?

"भक्तीला लागत नाही सर. कॅमेऱ्याला लागतं."

साहेबांनी सही केली. हरिभाऊंना वाटलं, उत्तर आवडलं. खरं म्हणजे साहेबांना जेवायला जायचं होतं.

प्रोग्रॅम लिहून दिला अदिती मॅडमनी. वयानं लेकीएवढ्या, पण बोटं अशी चालतात की पेटीवाल्यानं बघत राहावं. डबा खाता खाता लिहून झालासुद्धा. वरती कॅमेरा जोडून घेणारी ओळ. मग एक फेरा. फेऱ्यात पहिली ओळ कॅमेऱ्याकडून ताजं चित्र मागून घेणारी, दुसरी ओळ ते चित्र डिस्कवर ठेवणारी, मग थोडं थांबणं, आणि पुन्हा फेरा. शेजारी एक खिडकी, तिच्यात कॅमेऱ्यासमोरचं सगळं जिवंत दिसत राहील.

"सर, चालतंय हे," मॅडम डबा बंद करत म्हणाल्या. "फक्त ह्याला हात लावू नका."

हे वाक्य हरिभाऊंच्या काळजाला लागलं. रागानं नाही, मॅडम प्रेमानंच बोलल्या होत्या. पण वीस वर्षं!

वायर आखूड निघाली. गादीपासून लांब बसून चालवायचं तर लांब वायर हवी, मध्ये सिग्नल वाढवणारी डबी असलेली. ती कोल्हापुरात मिळते असं कळलं. हरिभाऊ निपाणीहून एसटीनं कोल्हापूरला गेले, सगळं साहित्य बरोबर नेलं, वायर जोडून, चालवून, खात्री करून घेतली. शहाणा माणूस असंच करतो. परत येताना कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबली. निवडणुकीचे दिवस, तपासणी कडक. पोलिसानं पिशवी उघडली. आत कॅमेरा, काळी डबी, वेटोळं घातलेली वायर, धोतरात गुंडाळलेली तिपाई, आणि मुहूर्ताचा नारळ.

"एनु इदु?" काय आहे हे?

"कीर्तनाचं सामान," हरिभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले.

पोलिसानं पिशवीकडं पाहिलं, हरिभाऊंच्या कपाळावरच्या बुक्क्याकडं पाहिलं. "टाळ कुठाय?" तो मराठीत आला. "मृदंग कुठाय? कीर्तनाला वायर पहिल्यांदाच बगालोय मी. चला, खाली उतरा."

एसटी निघून गेली. नाक्यावरच्या टेबलावर हरिभाऊंना सगळं जोडून दाखवावं लागलं. पोलीस समोर बसला. टोपी नीट केली. मिशीला पीळ दिला, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, शेवटी हसला. मॅडमचा प्रोग्रॅम सुरेख चालला. मिशीचा एकेक पीळ वेगळा आला होता. "लई छान," पोलीस म्हणाला, आणि त्यानं मागून येणाऱ्या गाडीत त्यांना बसवूनही दिलं. हे नाक्यावरचं चित्रप्रकरण नीट ध्यानात ठेवावं, कारण ह्या सगळ्या उद्योगात यशस्वी झालेलं तेवढंच.

गावी आल्यावर हरिभाऊंनी देवघरात चाचणी मांडली. पाटावर विठोबाची पितळी मूर्ती, समोर कॅमेरा. प्रोग्रॅम सुरू केला, पण लॅपटॉप जुना. दर फेऱ्याला नवीन चित्र मागताना तो धापा टाकायला लागला. पंखा म्हणजे गिरणी. काल्यात हा असा घुर्र करत बसला तर महाराज काय म्हणतील?

हरिभाऊंनी चष्मा पुसून ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. आणि त्यांना दिसलं! चूक त्यांना स्वच्छ दिसली. चित्र मागून घेणारी ओळ फेऱ्याच्या आत होती. म्हणजे दर वेळी नव्यानं बोलावणं.

"जया, मला सांग," ते स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "पूजेत आवाहन किती वेळा करत्यात?"

"एकदा," जयाबाई भाकरी थापत म्हणाल्या.

"आणि आरती?"

"जेवढ्या येतील तेवढ्या. का वं?"

"बघ! देवाला एकदा बोलवायचं, मग फेरे आपले. ह्यात दर फेऱ्याला आवाहन घातलंय. देव सुदा कंटाळंल, लॅपटॉपाचं काय घेऊन बसलीस!"

"मी काय म्हणतो," जयाबाई म्हणाल्या (आमच्या भागात बायका असंच बोलतात), "त्या पोरीनं हात लावू नगा म्हणून सांगिटलंतं न्हवं तुमास्नी?"

पण हरिभाऊंनी ती ओळ अलगद उचलली आणि फेऱ्याच्या वर, मंगलाचरणाच्या जागी नेऊन ठेवली. प्रोग्रॅम चालवला. काय सांगावं! पंखा गप्प. चित्रांचा आकडा सरसर वाढू लागला. थांबवून त्यांनी चित्रं उघडून पाहिली. पहिल्यात विठोबा, कमरेवर हात. दुसऱ्यात विठोबा, कमरेवर हात. शेवटच्यात विठोबा, कमरेवर हात. एकही हललेलं नाही, एकही धूसर नाही. हरिभाऊंनी हात जोडले.

विठोबा कमरेवरचे हात काढत नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

काल्याचा दिवस उजाडला. मंडप सकाळीच भरला. हरिभाऊंनी गादीच्या समोर थोडं बाजूला तिपाई रोवली, वायर टाळकऱ्यांच्या मागून फिरवली आणि पहिल्या रांगेच्या कडेला लॅपटॉप मांडला. खिडकीत मंडप जिवंत दिसत होता. पण एक अडचण दिसली: प्रत्येक हातात मोबाईल, आणि मोबाईल वर झाले की खिडकीत नुसती मनगटं. हरिभाऊंनी माईक घेतला. शास्त्रीय काम चाललंय, ह्यात अडथळा नको, कुणीही शूटिंग करू नये, रेकॉर्डिंग करू नये, सगळे मोबाईल दारातल्या वेताच्या बुट्टीत ठेवावेत. भरमू आप्पा बुट्टीवर राखणीला बसले. नाखुशीनं का होईना, सगळ्यांनी ठेवले. व्हिडिओवाल्या सौरवनं ठेवताना विचारलं, "काका, तुमचं ते आवाज पण घेतंय न्हवं?"

आवाजाची ओळ त्यात नव्हतीच. पण सौरवसमोर?

"आवाज काय," ते म्हणाले, "आवाज मनात राहतो."

शालूबाई पुढं आल्या. गावातल्या थोरल्या आक्का. नवी मोटरसायकल असो की नवी म्हैस, कुंकू त्यांच्या हातचं. त्यांनी लॅपटॉपला हळद-कुंकू वाहिलं, कॅमेऱ्याला वाहिलं, नारळ फोडला. महाराज गादीवर आले, वीणा वाजली. हरिभाऊंनी बटण दाबलं. दाबल्यावर यंत्र जागं व्हायला थोडा वेळ घेतं; तेवढ्यात खिडकीत बघतात तर काय, मधोमध लाल ढग. शालूबाईंचं बोट काचेवर टेकलं होतं.

हरिभाऊ धावत कॅमेऱ्यासमोर गेले, वाकले, एक डोळा मिटून काच न्याहाळली आणि उपरण्याच्या टोकानं पुसली. मागून महाराजांचा आवाज आला, "हरिभाऊ, बसा आता खाली."

"एक मिनिट, महाराज," हरिभाऊ म्हणाले.

मग कीर्तन सुरू झालं. म्हणजे झालंच असणार.

पत्र्यातून ऊन स्क्रीनवर पडत होतं, काही दिसेना, म्हणून हरिभाऊंनी डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि आत बसले. आत ते, लॅपटॉप आणि वाढत जाणारा आकडा. बाहेर मंडप हसला, तेव्हा ते वायर तपासत होते, कारण एक टाळकरी ताल धरताना तिच्यावर नाचत होता. मंडपात एकदम सामसूम झाली, तेव्हा डिस्कमधली जागा संपत आल्याची पाटी आली. काय काढायचं? समोर हरिभाऊंनीच कधीतरी कॉलेजच्या लॅपटॉपात ठेवलेले मेहुण्याच्या वास्तुशांतीचे फोटो होते. काढले. वीज गेली, बॅटरीवर आलं, वीज आली. एकदा कुणीतरी हुंदका दिला. हरिभाऊंनी घोंगड्यातून डोकं काढायचा विचार केला, पण आकडा इतका छान पळत होता! मूल चालायला लागल्यावर आई जशी बघते तसे ते त्याच्याकडं बघत राहिले.

हंडी फुटली, दही सांडलं, लाह्या उडाल्या, त्यातल्या काही कीबोर्डात गेल्या. हरिभाऊ घामाघूम होऊन घोंगड्यातून बाहेर आले. महाराजांचं पाऊल धरायला लोकांची रांग लागली होती. बायका रडत होत्या. जयाबाईंचे डोळे सुजले होते.

"असा काला व्हायचा न्हाय आता," त्या म्हणाल्या.

"सगळा ह्यात हाय," हरिभाऊंनी लॅपटॉपवर हात ठेवला.

चित्रं उघडून बघायचा मोह त्यांना झाला. पण नैवेद्य देवाला दाखवण्याआधी कुणी चाखतं का? येत्या एकादशीला मंडपात, महाराजांसमोर पडद्यावर दाखवायची, मग आपण पाहायची असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. असा संयम त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच घडला.

एकादशीला मंडप पुन्हा भरला. महाराज दुसऱ्या दिवशी हुबळीला निघणार होते. त्यांना खुर्ची, हार, नारळ. कॉलेजचा प्रोजेक्टर (पुन्हा गेट पास). हरिभाऊंनी चार शब्द बोलायचे ठरवले होते, ते चाळीस झाले. मग पडदा उजळला.

पडद्यावर पोलीस आला. मिशीला पीळ देणारा.

"ह्यो कुठला गोपाळ?" भरमू आप्पांनी विचारलं.

"चाचणी, चाचणी हाय ती," हरिभाऊ घाईनं पुढं गेले. पोलीस डावीकडं बघता झाला, उजवीकडं बघता झाला, हसला. मंडपही हसला. मागोमाग देवघरातला विठोबा आला, कमरेवर हात; हरिभाऊंनी तोही भराभर पुढं ढकलला. आणि मग पडदाभर आले स्वतः हरिभाऊ. एक डोळा मिटलेला, नाक भोपळ्याएवढं, भुवईवर कुंकवाचा शिंतोडा, चेहऱ्यावर काच पुसणाऱ्या माणसाचा कमालीचा गंभीर भाव.

"पुढचं दावा," कुणीतरी म्हणालं.

पुढचं तेच. त्याच्या पुढचं तेच. हरिभाऊ बटण दाबत सुटले. नाक, नाक, नाक. त्यांना वाटलं, आता येतील महाराज, आता येतील. मधलं उघडलं: नाक. अगदी शेवटचं उघडलं: नाक.

"आरं, ह्यो हलंना का?" भरमू आप्पा.

"घरात बी असंच हाय," बायकांच्या बाजूनं जयाबाईंचा आवाज आला. "एकदा बसलं की हलत न्हाय."

मंडप कोसळला हसून. सगळ्यांत जास्त महाराज हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, पाणी द्यावं लागलं. सौरव बिचारा हसला नाही. तो म्हणाला, "म्हंजे आवाज बी न्हाय, आणि..." त्याबरोबर मंडपातलं हसू ओसरलं. काय गेलं ते एकेकाच्या ध्यानात येत होतं.

शालूबाई उठल्या. "महाराज, त्यो लंगडा गोपाळ एकदा तरी दावा की वं."

महाराजांनी गुडघ्यावर हात ठेवला, उठायला गेले, आणि पुन्हा बसले. "न्हाय व्हायचं आक्का. त्यो त्या दिवशी जेवून गेला."

तेव्हा शालूबाईंनीच पदराची गुंडाळी काखेत मारली. एक पाय ओढत दोन पावलं चालल्या. "असं आलं बगा महाराज. आणि म्हणालं..." अडल्या. मागून एकानं सांगितलं, काय म्हणाले ते. दुसऱ्यानं त्याच्या आधीचं सांगितलं. टाळकऱ्यानं चाल धरली. भरमू आप्पा, जे बुट्टीपाशी दारात बसले होते, त्यांनी देवाचं उत्तर सांगितलं. देवानं ह्या वर्षी घास हातात धरून काय केलं, ते. हे दरवर्षीचं नव्हतं. महाराजांनी ह्या वर्षी काहीतरी नवंच सांगितलं होतं. जयाबाई तर असं धडाधड बोलत होत्या, की हरिभाऊंनी त्यांना लग्नापासून असं बोलताना ऐकलं नव्हतं. तुकडा तुकडा जोडत अख्खा काला मंडपात उभा राहिला, आणि महाराज मान हलवत ऐकत होते, जणू दुसऱ्याच कुणाचं कीर्तन.

एका ठिकाणी मात्र सगळे अडले. घास घेतल्यावर गोपाळ शेवटी काय बोलला? कुणी म्हणे एक, कुणी दुसरं.

"हरिभाऊंस्नी इचारा," शालूबाई म्हणाल्या. "त्ये तर पयल्या रांगेत हुतं."

सगळा मंडप त्यांच्याकडं वळला. पडद्यावरून त्यांचंच नाक त्यांच्याकडं बघत होतं. त्या वेळी आकडा किती झाला होता, ते हरिभाऊंना नेमकं सांगता आलं असतं.

"मला... न्हाय सांगता यायचं," ते म्हणाले.

महाराजांनी विषय बदलला. पंचपदीचे अभंग म्हणायला लावले. निघताना हरिभाऊ पाया पडले तेव्हा पाठीवर हात ठेवला, पण काय बोलला गोपाळ ते सांगितलं नाही. आणि हरिभाऊंना विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी महाराज हुबळीला गेले. आता म्हणे बोलतानाही दम लागतो. कुणी भेटायला गेलं की नुसते हात जोडतात.

सोमवारी लॅबमध्ये अदिती मॅडमनी प्रोग्रॅम उघडला. फार वेळ लागला नाही.

"सर, ही ओळ वर कुणी नेली?"

"आवाहन एकदाच करतात, मॅडम."

मॅडमना आधी कळलं नाही. मग कळलं. त्या हसल्या नाहीत, ह्याबद्दल हरिभाऊ त्यांचे जन्माचे ऋणी आहेत. "खिडकीत जिवंत दिसत होतं ना, म्हणून फसलात," त्या हळूच म्हणाल्या. "पण ठेवलं गेलं ते पहिलंच. कॅमेऱ्याला दर वेळी नव्यानं बघायला सांगावं लागतं, सर."

त्या चित्र मोठं करत होत्या, उगीच, काही वाचतं का बघायला. नाक पडद्याबाहेर गेलं, गाल गेला, कान आला. कानामागं काहीतरी पांढरं होतं.

"सर, हे मागे कोण?"

धूसर, अर्धेअधिक हरिभाऊंच्या कानाआड गेलेले. फेटा, एक खांदा, आणि उपरणं. अजून यशोदा न झालेलं, गवळी न झालेलं, साधं खांद्यावरचं उपरणं. अख्ख्या काल्याचं महाराजांचं तेवढंच चित्र. हरिभाऊ वीतभर बाजूला असते, तर पूर्ण आलं असतं.

"हात वर केलाय त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "तुम्हालाच काहीतरी सांगतायत वाटतं."

"व्हय," हरिभाऊ म्हणाले. एवढं एक वाक्य त्यांना त्या दिवशीचं स्वच्छ आठवत होतं, आवाजासकट. "बसा आता खाली, म्हणत होते."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

हरिभाऊंनी पडद्यावरच्या त्या वर उचललेल्या हातावर बोट ठेवलं.

"एक मिनिट, महाराज."